ओढ्याच्या पलीकडे

कान्यिनगोन, पथेनजवळ
१२ मे २०२४

ती. ताईस,
धाकट्या एह वाचा शि. सा. न. वि. वि.

घरात आम्ही दोघीच उरलो आहोत, म्हणून नेहमीसारखं ‘इकडील सर्व ठीक’ लिहायला हात धजत नाही.

माझ्या लेर थूचं नाव निघालं. वॉर्डाच्या कचेरीत चिठ्ठ्या टाकल्या. गावातून सहा मुलगे फौजेत द्यायचे होते, चौथी चिठ्ठी आपली. कारकुनाने नाव चुकीचं वाचलं, तेव्हा मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं असेल. मी इतकी खूश झाले, ताई, की शेजारच्या बाईने वळून माझ्याकडे बघितलं. मग त्याने बापाचं नाव वाचलं.

तो आदल्या दिवशीच पळायला तयार होता. सामान बांधलं होतं, मामेभावाची होडीही ठरली होती. मीच नको म्हटलं. पळालेल्या पोराच्या आईला धरून नेतात असं ऐकलं होतं, आणि आईला एकटीला टाकून मी तुरुंगात कशी बसू? त्याने सामान सोडलं, शर्ट परत खुंटीला लावले. वादळाच्या वर्षी याचा बाप वाहून गेला, तेव्हा याला पोटाशी बांधून मी सुपारीच्या झाडाला धरून राहिले होते. आता माझ्याच हाताने त्याला ट्रकमध्ये बसवलं.

आईला खरं सांगितलेलं नाही. यांगोनला कारखान्यात लागला म्हटलंय. ती विचारते, कसला कारखाना. मी म्हटलं, चपलांचा.

तू तिकडे देवाच्या जवळ आहेस, जरा शब्द टाक. ऐन सुपारी उतरवायच्या आठवड्यात तू मठात पळालीस, याबद्दल आईने अजून देवाला माफ केलेलं नाही. म्हणते, हाक मारायची होती तर सोलणं होईपर्यंत थांबायचं. तब्येतीला जप. इकडे यायला जमलं तर ये, निदान आईसाठी. आई तुझी खूप आठवण काढते.

माया आहे तशी राहू दे, ही विनंती.
तुझी
एह वा


डेमोसोच्या पश्चिमेचा डोंगर
३ जुलै २०२४

चि. एह वा हिस,
अनेक आशीर्वाद. आईला माझा दंडवत.

तुझं पत्र सात आठवड्यांनी पोचलं. टाउंजीच्या सिस्टरांनी ते मक्याच्या बियाण्याच्या पोत्यातून पाठवलं. वाटेत उंदराने कोपरा खाल्ला, त्यामुळे शेवट ‘आई तुझी खूप’ इथेच तुटला. आठवण काढते की तक्रार करते, ते कळव.

तू त्याला थांबवलंस म्हणून स्वतःला खाऊ नकोस. त्या दिवशी कुठलीही वाट धरली असती तरी ती वाईटच होती. मी रोज सकाळच्या प्रार्थनेत त्याचं नाव घेते. मोठ्याने घेत नाही, एवढं तुला सांगते. इथल्या बायका ओढ्यावर धुणं धुताना फौजेच्या पोरांना जे शाप देतात, ते ऐकवत नाहीत. त्यांचं चुकत नाही, त्यांची घरं जळली आहेत. हल्ली मी घागर उचलून दुसऱ्या बाजूला जाते. माझा भाचा फौजेत आहे हे मी फक्त सिस्टर तेक्लाला सांगितलंय.

ही तेक्ला त्र्याहत्तर वर्षांची, इथल्याच डोंगरातली. तिला ऐकू येत नाही. विमान आलं की आम्ही खंदकाकडे धावतो, आणि आम्हाला धावताना बघून ती धावते. म्हणते, हल्लीची विमानं पूर्वीसारखा आवाज करत नाहीत.

चर्च सोडून आम्ही इथे आलो त्याला तीन वर्षं होतील. साडेतीनशे कुटुंबं, तितक्याच ताडपत्र्या. माझा दवाखाना बांबूचा, मागे खंदक. या महिन्यात नऊ बाळंतपणं केली, सगळी सुखरूप. औषध म्हणशील तर मीठपाणी जास्त आणि बाकी सगळं कमी. धर्मशिक्षक प्लू रे म्हणून आहेत, पासष्टीचे, शब्द मोजून बोलणारे. फादर दोन महिन्यांनी एकदा येतात, तोवर प्रार्थना, दफन, भांडणं सगळं हेच बघतात. त्यांची नात सो मे अकरा वर्षांची. तिचे आईबाप सीमेपलीकडे कामाला. ही पोरगी माझी रोज फजिती करते. एकवीस वर्षं इथे काढली तरी माझ्या जिभेचं आपल्या त्रिभुज प्रदेशातलं पाणी आटलेलं नाही. मी म्हातारीला ‘जेवलात का’ विचारते, आणि माझ्या उच्चाराने ते ‘मेलात का’ होतं म्हणे. सो मे मागे उभी राहून म्हातारीच्या वतीने उत्तर देते, अजून नाही सिस्टर, संध्याकाळी बघू.

यायचं मनात आहे. रस्ते नाहीत आणि माझ्या जागी कुणी नाही. आईला समजाव.

तुम्हा दोघींवर जीव आहेच, तो काही पत्राने वाढत-घटत नाही.
तुझी ताई
मू पॉ (सिस्टर रोझालिया)


कान्यिनगोन
२२ सप्टेंबर २०२४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आई आठवणही काढते आणि तक्रारही करते. दोन्ही एकाच वाक्यात.

लेर थूचा एकदा फोन आला, तोही दुसऱ्याच कुणाच्या फोनवरून. तालीम संपली. तोफखान्यात घातलंय म्हणाला. मी विचारलं, तोफ उडवतोस का? म्हणाला, नाही, सामान उचलतो. कुठे आहेस ते सांगता येत नाही, पण थंडी आहे, डोंगर आहेत, आणि भाताला चव नाही. मग एकदम म्हणाला, मावशी कुठल्या गावात असते? मी तुझ्या जुन्या चर्चचं नाव सांगितलं.  मला वाटलं फोन तुटला. मग म्हणाला, आता ठेवतो.

त्याच्या बरोबर गेलेल्या एका मुलाच्या आईला पक्कं कळलंय. ते सगळे लोइकॉला आहेत. ताई, तो तुझ्या समोरच्याच डोंगरावर आहे.

मला नकाशा कळत नाही. मधे किती अंतर आहे, तोफ किती लांब जाते, ते तुला माहीत असेल. माहीत असलं तरी कळवू नकोस.

आईची नजर फार कमी झालीय. ती लेर थूचं ताट रोज वाढून ठेवते आणि मी ते रात्री डुकराला घालते. कारखान्यातून पत्र का येत नाही असं विचारते.

पत्राची वाट बघते आहे, कंटाळा न करता लिही.
तुझी
एह वा


डोंगरावरून
२० नोव्हेंबर २०२४

चि. एह वा हिस,
अ. आ.

हे पत्र मी दोनदा फाडलं. आता तिसऱ्यांदा लिहिते आहे, आणि उशीच्या अभ्र्यात शिवून पाठवते. कुणाला दाखवू नकोस.

आठ तारखेला सकाळी गोळे पडले. मका सोलायला पोरं ओढ्याकाठी बसली होती. विमान असतं तर आवाज आला असता, हे आधी पडले आणि मग आवाज आला. चार जण गेले. दोन लहान भाऊ, एक बाळंतीण, जिचं मूल मीच ऑगस्टमध्ये काढलं होतं, आणि सो मे.

मी चौघांना धुतलं. सो मेची एक चप्पल सापडेना. प्लू रे संध्याकाळपर्यंत चप्पल शोधत होते. झुडपं वाकवून बघायचे, पाण्यात हात घालायचे. कुणी त्यांना थांबवलं नाही. मग आले आणि म्हणाले, राहू दे, तशीच ठेवू. दफनाची प्रार्थना त्यांनीच म्हटली, एकही शब्द न चुकता.

एह वा, त्या दिवशी मला तुझा राग आला. तुझा काय दोष, हे मला कळतं. तरी आला. धुताना मनात सारखं येत होतं की त्या डोंगरावर कुणीतरी सामान उचलतंय. हे तुला लिहू नये, पण न लिहिता तुझ्याशी गोड बोलत राहिले तर मी खोटी ठरेन. आपल्यात आईशी खोटं बोलणारी एक आहे, तेवढी पुरे.

बाळंतिणीचं मूल सिस्टर तेक्लाजवळ आहे. ते रडलेलं तिला ऐकू येत नाही, म्हणून ती त्याला सतत मांडीवर घेऊन बसते आणि तोंडाकडे बघत राहते.

माझ्यावरची माया कमी झाली तर समजून घेईन.
ताई


कान्यिनगोन
१८ डिसेंबर २०२४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

माया कमी झालेली नाही. तुझं पत्र वाचून मी दोन दिवस अंगण झाडत होते. झाडून झालं की पुन्हा झाडायची.

त्या मुलीच्या आजोबांना काय म्हणायचं ते मला सुचत नाही, म्हणून त्यांच्यासाठी काहीच लिहीत नाही. तुझी फजिती करणारी ती पोरगी मला आवडली होती, एवढंच.

आता मागू नये ते मागते. लेर थूचा सहा आठवड्यांत पत्ता नाही. गेल्या सोमवारी वॉर्डाचा कारकून दोन शिपाई घेऊन आला. म्हणाला, तुझा मुलगा बंदूक टाकून पळालाय, घरी आला तर आम्हाला कळव, नाहीतर तुझं काय करायचं ते बघू. आईने ऐकलं. तिने विचारलं, चपलांच्या कारखान्यात बंदूक कशाला? कारकून हसला. मी म्हटलं, यांची चूक झाली, दुसरा कुणी लेर थू असेल.

तुमच्याकडच्या लढणाऱ्या पोरांनी फौजेचे लोक धरलेत असं इथे कुजबुजतात. ताई, तू त्यांच्या जखमा बांधतेस, ते तुझं ऐकतील. एकदा चौकशी कर. उंच आहे, डावी भुवई मधे तुटलेली, उजव्या हाताने लिहितो पण डाव्याने जेवतो. तू त्याला शेवटचं बघितलंस तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, म्हणून खुणा कळवते.

तू नाही म्हणालीस तरी मी समजेन. पण नाही म्हणू नकोस.
तुझी
एह वा


डोंगरावरून
१५ जानेवारी २०२५

चि. एह वा हिस,
अ. आ.

तो सापडला. जिवंत आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे जा.

इथून दिवसभराच्या चालीवर एक रिकामी शाळा आहे. तिथे पकडलेल्यांना ठेवतात. इथल्या लढणाऱ्या पोरांच्या प्रमुखाच्या बायकोचं बाळंतपण मी केलंय, त्यामुळे मला आत सोडलं. तो वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून पडला होता. मांडीला जखम, पू झालेला, अंगात ताप. त्याने मला लगेच ओळखलं आणि डोळे मिटून घेतले. मी आईचं, तुझं, आमच्या वस्तीचं सगळं सांगितलं.  शेवटी म्हणाला, “मावशी, तुमच्या ओढ्यावर गोळे पडले ना, ते मी भरत होतो.”

मी तारीख विचारली. त्याने तीच सांगितली. गोळे कुठे जातात हे त्यांना सांगत नाहीत. नंतर अधिकारी हसत हसत ओढ्याकाठच्या आमच्या वस्तीचं नाव बोलला, तेव्हा त्याला कळलं. चार दिवसांनी तो पाणी आणायला म्हणून निघाला आणि परत गेला नाही. खोऱ्यात उतरताना पाय सुरुंगावर नाही, पण सुरुंगाच्या जवळ पडला, आणि तिथेच इथल्या पोरांनी त्याला धरलं.

खरं ते लिहिते. मी उठले आणि बाहेर आले. पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिले. आत परत जाववलं नाही. ती रात्र मी गावातल्या एका घरी काढली आणि सकाळी पुन्हा गेले. एकवीस वर्षं मी लोकांना क्षमेवर प्रवचनं देते आहे.

सकाळी प्रमुखाकडून त्याला माझ्या सहीवर मागून घेतलं. चौघांनी झोळीतून आणलं. दवाखान्यात नेण्याआधी मी प्लू रेंकडे गेले, कारण त्यांना दुसऱ्याकडून कळता कामा नये. सगळं सांगितलं, माझा कोण लागतो तेही. ते कोयत्याला धार लावत होते, ती लावून संपवली. मग म्हणाले की आजारी माणसाला कुठे ठेवायचं हे सिस्टरांनी ठरवायचं असतं, मला कशाला विचारता. आणि आत गेले. त्या दिवसापासून ते दवाखान्याच्या वाटेने येत नाहीत, लांबच्या वाटेने जातात.

सिस्टर तेक्ला त्याला बघून एवढंच म्हणाली की याला आधी भात द्या, बाकीचं नंतर.

जखम वाईट आहे. औषध मागवलंय. येईल तेव्हा खरं.

धीर धर. लिहीत राहीन.
ताई


कान्यिनगोन
३ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

नमस्कार आज लिहीत नाही, रागात आहे.

तू बाहेर गेलीस आणि सकाळी आलीस. रात्रभर तो तिथे एकटा होता. त्याला काय वाटलं असेल? सगळ्या जगातून एक मावशी चालत आली आणि तीही उठून गेली. तू सिस्टर आहेस ना? मग जे माझ्यासारख्या बाईला जमणार नाही ते तुला जमायला हवं होतं. नाहीतर कशाला गेलीस सुपारी टाकून?

हे लिहून झालं. खोडत नाही, तूही खोडत नाहीस.

मला त्याच्याबद्दल कळव. जेवतो का? कोथिंबीर घातलेलं तो खात नाही, बाजूला काढत बसतो, त्याला ओरडू नका. तापात त्याला पाय उघडे लागतात. त्याने काय केलं ते मी रोज स्वतःला मोठ्याने सांगते, म्हणजे विसरायला नको. आणि तरी मला तो हवा आहे. दोन्ही एकाच वेळी वाटतं. हे पाप असेल तर फादरना विचारून कळव.

त्या आजोबांना चार ओळी लिहिल्या होत्या. फाडल्या. कुठल्याही शब्दाने सुरुवात केली तरी तो शब्द माझ्या तोंडी शोभत नव्हता.

मार्चमध्ये उन्हाळ्याआधी मी तिकडे यायला निघते. कसं ते बघू.

त्याच्या कपाळावरून माझ्या वतीने हात फिरव.
एह वा


डोंगरावरून
२७ फेब्रुवारी २०२५

माझ्या एह वाला,
आशीर्वाद.

निघू नकोस. लेर थू अकरा फेब्रुवारीला दुपारी गेला. तुझं पत्र त्यानंतर नऊ दिवसांनी आलं.

औषध आलं, पण उशिरा आलं. विष वर चढलं होतं. पाय काढायला हवा होता, ते करणारा डॉक्टर तीन डोंगर पलीकडे, आणि त्या आठवड्यात वाटेवर विमानं होती. मी जे येत होतं ते सगळं केलं. ते पुरलं नाही. त्या रात्रीबद्दल तू विचारलंस.  मी कमी पडले.

आणखीही कमी पडले, तेही सांगते. इथे प्रत्येक आजाऱ्याच्या कपाळावर मी जखम बांधून झाली की क्रूस काढते. त्याची जखम मी रोज दोनदा धुतली आणि क्रूस काढला नाही. जवळजवळ दोन आठवडे. हात जायचाच नाही. त्याला कळत होतं. शेजारच्या खाटेवरच्याला काढला की तो तोंड फिरवायचा. जानेवारीच्या शेवटी फादर येऊन गेले, त्याने पापनिवेदन केलं, ते त्याचं आणि देवाचं. त्या संध्याकाळी त्याने मला विचारलं की ते चौघं कोण होते. मी नावं सांगितली. तो ती मागून म्हणू लागला. ‘सो मे’ त्याला नीट म्हणता येईना, आपल्या जिभेला तो सूर लागत नाही. मी दुरुस्त केलं, त्याने पुन्हा म्हटलं, मी पुन्हा दुरुस्त केलं. असं बऱ्याच वेळा. मग कधी माझा हात त्याच्या कपाळावर गेला, मला कळलं नाही. त्यानंतर रोज काढला.

तो जेवत होता. थोडं. कोथिंबीर इथे मिळतच नाही. पाय उघडेच ठेवले होते. शेवटी तुला हाक मारली, मला नाही. शुद्ध नव्हती. मी ‘ओ’ दिली. चुकलं असेल तर सांग.

वस्तीतल्या लोकांनी सांगितलं की पोरांना पुरलंय त्या जागेत याला नको. मी वाद घातला नाही. त्या जागेवर मी चार जणांना माझ्या हाताने ठेवलंय, मला काय तोंड होतं. पण इथे कबरीची जागा प्लू रे ठरवतात, म्हणून त्यांच्याकडे जावं लागलं. मी दारात उभी राहिले. ते कुदळ घेऊन बाहेर आले, जणू वाटच बघत होते. म्हणाले, “खणून देतो, सिस्टर. प्रार्थना मात्र माझ्याकडे मागू नका.”

ओढ्याच्या पलीकडे, बांबूच्या बेटाजवळ त्यांनी जागा काढली. जमीन खडकाळ. सकाळपासून दुपारपर्यंत एकटे खणत होते. दोन माणसं मदतीला आली, त्यांना परत पाठवलं. खड्डा खोल खणला, चांगला खोल, कडा सरळ. मग कुदळ धुतली आणि अलीकडे येऊन उभे राहिले. प्रार्थना मी म्हटली. सिस्टर तेक्ला ऐकू येत नसताना मधेच ‘आमेन’ म्हणत होती. प्लू रे संपेपर्यंत ओढ्याच्या अलीकडेच उभे होते. टोपी डोक्यावर होती. पण गेले नाहीत.

म्हणजे तो इतरांच्यात नाही, एकटा आहे. तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. क्रूस लावलाय, नाव अजून घातलेलं नाही.

आईला आता सांग. मला तुला दुसरं काही देता येत नाही.
तुझीच
मू पॉ


कान्यिनगोन
२३ मार्च २०२५, रविवार

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

‘ओ’ दिलीस ते बरं केलंस. त्याला काय, हाकेला उत्तर आलं.

आईला काल सांगितलं. तिने बराच वेळ माझा हात धरून ठेवला आणि म्हणाली की तिला चिठ्ठ्यांच्या दिवसापासून माहीत होतं. चपलांचा कारखाना ऐकून तिला वाटलं, हिला कुणाशी तरी खोटं बोलायची गरज आहे, तर बोलू दे. ताट ती मुद्दाम वाढत होती, निदान उपाशी डुकरासाठी तरी मला उठावं लागेल म्हणून. अशी ही आपली आई.

क्रूसावर नाव घालू नकोस. तिथल्या लोकांनी घाल म्हटलं तर घाल. आणि त्याला तिथून हलवायचं कुणी म्हटलं तरी हलवू नकोस. तो पलीकडेच राहू दे.

त्याच्यासाठीची मिस्सा आज चर्चमध्ये झाली. प्रार्थनेत घ्यायला मी फादरना दोन नावं दिली होती. त्यांनी आधी मला आत बोलावून घेतलं. म्हातारे झालेत. म्हणाले, कचेरीच्या कागदावर लेर थू फरारी आहे. वेदीवरून मेला म्हटलं तर उद्या विचारतील की कुठे मेला, कुणी पुरला, तुला कसं कळलं. चर्चमध्ये कोण कोण बसतं ते तुला माहीत आहे. ‘एका आईच्या हेतूसाठी’ एवढं म्हणतो, देवाला कळतं. मी बरं म्हटलं. खरंच बरं वाटलं होतं, मी भितेच त्यांना.

पण ते ‘एका आईच्या हेतूसाठी’ म्हणाले आणि सगळे पुढच्या प्रार्थनेला लागले, आणि मी उभी राहिले. ताई, मी कधी चर्चमध्ये बोलले नाही, वाचनसुद्धा केलं नाही. मी म्हटलं, “माझा मुलगा लेर थू याच्यासाठी. आणि सो मेसाठी.” पुढे काय म्हणायचं ठरवलेलं नव्हतं. बसले.

कुणी मागे वळून बघितलं नाही. फादर पुस्तकात बोट घालून थांबले होते. मग त्यांनी दोन्ही नावं म्हटली. तिचं नाव आम्ही दोघांनीही चुकीचंच म्हटलं असणार.

कारकून येईलच. येऊ दे. जे सांगायचं ते मी ठरवलंय, तुझं नाव घेणार नाही.

एकच काम आहे. प्लू रेंच्या नातीचं नाव मी त्यांना न विचारता घेतलं, माझ्या मुलाच्या नावाला लावून घेतलं. त्यांना ते आवडणार नाही कदाचित. तू त्यांना विचार. माझ्या वतीने क्षमा मागू नकोस, फक्त विचार. ते नको म्हणाले, तर पुढच्या वेळी घेणार नाही.

उत्तर यायला दोन महिने लागतील हे धरून चालते. तोवर तिचं नाव रोज मनातल्या मनात घेते आहे, तेवढं चालेल का, तेही विचार.

तुझी धाकटी
एह वा